"का?" विचारलं की भक्ती कच्ची ठरते का?

इंद्रायणीकाठ:
आमच्या दिंडीच्या ग्रुपवर काल एका महाराजांचं लिखाण फिरलं. गावातलं एकविसाव्या वर्षातलं पोरगं अपघातात गेलं, त्या घरच्यांना उद्देशून. सार असं: दुःख हा प्रसाद आहे, सगळी सत्ता त्याची, जो 'का' विचारतो त्याची भक्ती कच्ची. शेवटी 'ठेविले अनंते तैसेचि राहावे'. खाली हात जोडलेल्यांची रांग. त्या ग्रुपवर त्या मुलाचा बापही आहे. मला रात्रभर झोप लागली नाही.

माझा भाऊ मे २०२१ मध्ये गेला. ऑक्सिजनचा बेड शोधत रिक्षातून दोन दवाखाने फिरलो, तिसऱ्याच्या दारात संपलं सगळं. दहाव्याला घाटावर पाच माणसं. घरी आल्यावर अप्पांनी चाळीस वर्षांची तुळशीची माळ गळ्यातून काढली आणि आईच्या कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवली. आमच्यात माळ उतरवणं म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. दोन वर्षं एकादशी नाही, हरिपाठ नाही. पण पहाटे चारला उठायचे, विठोबाच्या तसबिरीपुढे बसायचे आणि एकच शब्द बोलायचे. "सांग."

जो नाहीच असं वाटतं, त्याला कुणी पहाटे उठून जाब विचारत नाही.

तुकोबांनी १६३० च्या दुष्काळात काय पाहिलं? 'स्त्री एकी अन्न अन्न करिता मेली' हे त्यांनीच लिहून ठेवलंय. 'माझे लेखी देव मेला' हेही त्यांचंच. 'ठेविले अनंते' फ्लेक्सवर छापता, मग ही ओळ का लपवता?

माळकरी_सातारा:
ताई, तुमचं दुःख मोठं आहे, पण 'ठेविले अनंते' हा अभंग अर्धा सोडू नका. त्याचा शेवट 'तुका म्हणे घालू तयावरी भार' असा आहे. 'देव मेला' हा प्रेमातला रुसवा, तो मुक्काम नव्हे.

माझी मंडळी तीन वर्षं डायलिसिसवर होती, आठवड्यातून दोनदा. हाताला सुया टोचलेल्या, दुसऱ्या हाताने मांडीवर ठेका धरून हरिपाठ म्हणायची. मी एकदा चिडून म्हणालो, त्या विठोबाला हेच का तुझ्या नशिबी घालायचं होतं? ती म्हणाली, "अहो, मला एवढी एकच काठी आहे, ती काढू नका." तिने 'का' विचारलं असतं तर मी उभा राहिलो नसतो. महाराजांनी चूक काय सांगितलं? लोकांच्या हातातली काठी मोडून तुम्ही त्यांना काय देणार?

रानवाट:
काठी ज्याने त्याने धरावी, दुसऱ्याच्या पाठीत घालू नये. बेड मिळाला नाही, हीही अनंताची इच्छा का? मग जाब कुणाला विचारायचा? आमच्याकडे गारपीट झाली तरी इच्छा, विम्याचे पैसे आले नाहीत तरी इच्छा.

आणि घाटाचा विषय निघालाच आहे तर बोलतो. पाच माणसांचा दहावा परवडला. माझ्या चुलत्याच्या दहाव्याला सव्वादोन तास श्रद्धांजलीची भाषणं! पिंड मांडलेले, काकू उन्हात, आणि माइकवर 'आमच्या पॅनलचे आधारस्तंभ'.

नीरेकाठचा:
अगदी! आमच्याकडे प्रवचन एक तास, वर सोसायटीचे, कारखान्याचे, बाजार समितीचे सगळे. कावळासुद्धा कंटाळून उडून जातो.

गावगाडा_७:
मी सरपंच होतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. नाही बोललो तर तेच घर वर्षभर म्हणतं, आमच्या दुःखात आला नाही. यादी घरचेच आणून देतात. उगाच पुढाऱ्यांना झोडपू नका.

नीरेकाठचा:
यादी घरचे देतात? बाप गेलेला पोरगा यादी करतो? शरम वाटू द्या जरा.

गावगाडा_७:
शरम मला शिकवू नका. कोविडमध्ये बावीस प्रेतांना खांदा दिलाय, पोटची पोरं लांब उभी होती तेव्हा. तेव्हा भाषण नव्हतं माझं.

शिल्पा_नगर:
दोघंही थांबा. माझ्या आईच्या वेळी कावळा दीड तास शिवेना. कुणी म्हणे दही ठेवा, कुणी म्हणे भजी ठेवा. शेवटी मामा पुढे होऊन मोठ्याने म्हणाला, "आक्का, शिल्पाच्या शिक्षणाचं मी बघतो." मग शिवला. देव-कावळ्याचं मला माहीत नाही. मामाने शब्द पाळला, मी नर्स झाले. दुःखात बोलायचंच असेल तर असं काहीतरी बोला.

फादरवाडी:
मी ख्रिस्ती घरातला, आमच्याकडे याला 'देवाचं सार्वभौमत्व' म्हणतात, आणि मयताच्या घरी ते असंच फेकलं जातं. पण बायबलमधली ईयोबाची गोष्ट शेवटपर्यंत वाचा. त्याची मुलं गेली, अंगभर फोडं आली, त्याने देवाला तोंडावर सवाल केले. मित्र मात्र देवाची बाजू मांडत बसले. शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर. ईयोब माझ्याविषयी ठीक बोलला, तुम्ही नाही, असं म्हणाला.

आमच्या आजी पंडिता रमाबाईंचं सांगायच्या. आईवडील आणि बहीण ओळीने गेली, मग भाऊ, मग नवरा, आणि १९२१ मध्ये एकुलती मनोरमा. पुढच्या एप्रिलात त्या स्वतः गेल्या, तोवर बायबलचं मराठी भाषांतर पुरं करत होत्या. त्या बाईचा विश्वास खरा. पण तो त्यांनी केडगावात आलेल्या दुष्काळातल्या पोरींना आधी भाकरी देऊन दाखवला.

माळकरी_सातारा:
तुमचा ईयोब मला माहीत नाही. पण बापाच्या डोळ्यांसमोर ते लिखाण टाकायला नको होतं, एवढं मान्य करतो. फक्त एवढंच. 'भक्ती कच्ची' हा शब्द माझ्या तोंडून कधी जाणार नाही. बाकी माझं म्हणणं तेच: भार त्याच्यावर घालायला शिका.

इंद्रायणीकाठ:
दादा, भार घालायचा तर 'हे जड आहे' असं आधी म्हणू तर द्या. तुमच्या मंडळींची काठी मोडायची माझी इच्छा नाही, त्यांना माझा दंडवत. ती त्यांनी स्वतः उचलली होती. त्या पोराच्या बापाच्या हातात मात्र ती तिसऱ्या दिवशी कोंबली.

आज दुपारी अप्पांना घेऊन त्या घरी गेले. आई भिंतीला टेकून बसलेली, मुलाचा धुतलेला शर्ट मांडीवर. अप्पा शेजारी बसले, तासभर बोलले नाहीत. निघताना बापाने विचारलं, "माउली, तुम्ही माळ परत कशी घातली?"

अप्पा म्हणाले, "२०२३ च्या आषाढात घातली. उत्तर अजून मिळालं नाही. पहाटे विचारतो."

बाप म्हणाला, "उद्या मी येऊ का?"