विषय: निजामपुऱ्यातलं टेनामेंट चार विद्यार्थ्यांना भाड्याने देताना

प्रेषक: एक सभासद, एडिसन (न्यू जर्सी)

मंडळी, नमस्कार.

बडोद्याच्या निजामपुऱ्यात तळमजला आणि वर एक मजला असं टेनामेंट आहे. मालकी आई आणि मी, निम्मी-निम्मी. आई भारतातच असते, पण बडोद्यात नाही. युनिव्हर्सिटीतली चार मुलं घर मागताहेत, त्यांतली दोघं पहिल्या वर्षाला. भाडं २०,००० वर ठरतंय. दलालाचं म्हणणं असं की नोटरी केलेला अकरा महिन्यांचा कागद पुरे, आणि मुलं आपापले पाच-पाच हजार टाकतील. पुण्यातल्या फ्लॅटचा करार घरबसल्या ऑनलाइन नोंदवला होता, तसा इथे नोंदवायचा का? आणि घरात आधी काय काय करून घ्यावं? आजवर घर कुटुंबांनाच दिलं, मुलांना पहिल्यांदाच देतोय.

---

प्रेषक: एक वकील सभासद, दांडिया बाजार

ताई,

पुण्याचं पुण्यात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, त्याचं कलम ५५, यामुळे तिकडे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. तो कायदा गुजरातला लागू नाही. इथे १९०८ चा नोंदणी कायदा पाहायचा: वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, अकरा महिन्यांचा नाही नोंदवला तरी चालतो. इथवर दलाल बरोबर आहे. पण नोटरीचा शिक्का आणि मुद्रांक शुल्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शुल्क न भरलेला कागद कोर्टात पुरावा म्हणून पुढे करता येत नाही, आणि भांडण झालं की नेमका तोच कागद लागतो. गुजरातेत ऑक्टोबर २०१९ पासून छापील स्टॅम्प पेपर बंद आहेत, ई-स्टॅम्प घ्यायचा. वर्षाच्या आतल्या रहिवासी कराराचं शुल्क राज्याच्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात सरसकट ५०० रुपये ठरवलं आहे. दलालाने जुना कमी रकमेचा स्टॅम्प पुढे केला तर घेऊ नका.

आता खरा घोळ. कुटुंबाला घर देता तेव्हा राहणारा, पैसे देणारा आणि जबाबदार माणूस एकच असतो. विद्यार्थ्यांच्या बाबतीत राहतो मुलगा, पैसे बाप पाठवतो, आणि सही घेतली जाते भलत्याचीच. पहिल्या वर्षाची मुलं बऱ्याचदा सतरा वर्षांची असतात. अज्ञानाने, म्हणजे अठरा पूर्ण नसलेल्याने, केलेला करार आपल्याकडे मुळातूनच शून्य. प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहोरीबीबीच्या खटल्यात ठरवलं ते आजही कायम आहे. म्हणून दहावीच्या दाखल्यावरची जन्मतारीख आधी पाहा. अठरा पूर्ण नसतील तर करारात पक्षकार पालक, आणि मुलाचं नाव राहणारा म्हणून. अठरा पूर्ण असतील तर करार मुलाशी, आणि पालकाची जामीनदार म्हणून वेगळी सही. जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते.

चौघांचा करार एकच करा आणि त्यात 'संयुक्तपणे व स्वतंत्रपणे जबाबदार' हे शब्द घाला. मग एकाने पाच हजार बुडवले तर ते उरलेल्या तिघांकडे मागता येतात. चार वेगळे कागद केले तर रिकाम्या खाटेचं भाडं तुमच्या अंगावर.

तिकडून सही करणार नसाल तर मुखत्यारपत्र लागेल. ते भारतीय वकिलातीत करा, किंवा तिथल्या नोटरीसमोर करून अपोस्टिल (कागद खरा असल्याचा तिथला सरकारी दाखला) घ्या. कागद गुजरातेत पोचल्यापासून तीन महिन्यांत त्याचं मुद्रांक शुल्क भरायचं. हे हमखास राहतं.

भाडेकरूंची पोलीस नोंदणी गुजरात पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर किंवा सिटिझन फर्स्ट अॅपवर होते. प्रत्येक मुलाची वेगळी करा. या नोंदणीबद्दलचा पोलिसांचा जाहीरनामा मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा मालकावर येतो, दलालावर नाही. आणि तुमची सोसायटी अशांत धाऱ्याच्या (ठरावीक भागांत मालमत्ता दुसऱ्याला द्यायला सरकारी परवानगी लागते, त्या कायद्याच्या) यादीत आहे का तेही तपासा. बडोद्याचे बरेच भाग त्यात आहेत, आणि तो कायदा फक्त विक्रीपुरता आहे असं समजून चालू नका.

---

प्रेषक: एक सीए सभासद, अलकापुरी

वकीलसाहेबांच्या 'एकच करार' या मुद्द्याला करातूनही पुष्टी आहे.

ताई, तुम्ही अनिवासी आहात, म्हणून तुमच्या वाट्याच्या भाड्यातून टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापणं हे भाडं देणाऱ्याचं काम आहे. याला किमान मर्यादा नाही, पहिल्या रुपयापासून लागतो. दर ३० टक्के अधिक उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. आई निवासी असल्यामुळे तिच्या वाट्याला हा नियम नाही. निवासी मालकाच्या बाबतीत साध्या भाडेकरूने महिना ५०,००० च्या वर भाडं असेल तरच कापायचं असतं. म्हणून करारात दोघींचा निम्मा हिस्सा स्पष्ट लिहा आणि दोन खाती द्या. आईच्या खात्यात पूर्ण १०,०००. तुमच्या १०,००० मधून ३,१२० कापून उरलेले ६,८८० तुमच्या एनआरओ खात्यात (अनिवासींचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं). एनआरई खात्यात (परदेशातल्या कमाईसाठीचं खातं) भाडं घ्यायचं तर त्यावरचा कर कापला किंवा भरला आहे अशी बँकेची खात्री पटवावी लागते.

कापणाऱ्याला टॅन (कर कापणाऱ्याचा नोंदणी क्रमांक) काढावा लागतो, कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरावी लागते, आणि दर तिमाहीला विवरण द्यावं लागतं. चार बाप चार टॅन काढून हे करतील ही आशा सोडा. एका पालकाला मुख्य देणेकरी ठरवा. बाकीचे तिघे त्याला पैसे देतील, तो एकरकमी कापून भरेल. त्याच्या सीएची फी तुम्ही सोसलीत तर तो तयार होतो, हा व्यवहारी तोडगा. हे घर दाखवतानाच सांगा. चाव्या दिल्यावर सांगितलंत तर 'असं कधी ऐकलं नाही' हेच उत्तर येणार.

कापलेलं वाया जात नाही. अकरा महिन्यांचं तुमच्या वाट्याचं भाडं १,१०,०००. त्यातून प्रमाणित वजावट ३० टक्के, म्हणजे करपात्र ७७,०००. महापालिकेचा कर तुम्ही भरला असेल तर आणखी कमी. भारतात दुसरं उत्पन्न नसेल तर कर शून्य, आणि कापलेले ३४,३२० विवरणपत्र भरल्यावर परत मिळतात. तोवर अडकवायचे नसतील तर कमी दराने कपातीचा दाखला मागता येतो. त्यालाही देणेकऱ्याचा टॅन लागतो, म्हणजे पुन्हा देणेकरी एकच हवा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे. जुन्या माहितीतलं 'कलम १९५' (अनिवासीला पैसे देताना कर कापण्याचं) आता त्या आकड्याने सापडणार नाही, पण तत्त्व तेच आहे.

जीएसटीची काळजी नको. राहण्यासाठी विद्यार्थ्याला दिलेल्या घराला तो लागत नाही.

---

प्रेषक: एक विद्युत अभियंता सभासद, मस्कत

कागद झाले, आता घर. चार मुलं म्हणजे चार लॅपटॉप, इस्त्री, किटली आणि कुठेतरी लपवलेली इंडक्शन शेगडी. 'शेगडी आणू नका' असं करारात लिहिलं तरी ती येतेच, म्हणून ती येणार असं धरूनच वायरिंग करा.

२,००० वॅटची शेगडी साधारण ८.७ अँपिअर घेते, १,५०० वॅटची किटली ६.५. जुन्या टेनामेंटमध्ये ओट्यावर ६ अँपिअरचा एकच सॉकेट आणि मागे एक चौरस मिलिमीटरची वायर. त्यावर एक्स्टेन्शन बोर्ड लावून दोन्ही चालवली की १५ अँपिअर. आधी सॉकेटची भोकं पिवळी पडतात, मग काळी, मग प्लग आत चिकटून बसतो. एमसीबी (भार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) उडत नाही, कारण कोणीतरी तिथे ३२ अँपिअरचा बसवलेला असतो. करायचं ते असं: ओट्यावर १६ अँपिअरचे दोन पॉइंट, दोन्हींना वेगवेगळी २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर आणि १६ चा एमसीबी. एसी असेल तर त्याला ४ ची वायर आणि २० चा एमसीबी. प्रत्येक खाटेशेजारी टेबलाच्या उंचीवर दोन सॉकेट. एक्स्टेन्शन बोर्ड बंद करायचा हाच उपाय.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. इथे एक नेहमीची फसगत होते. इन्व्हर्टरचा न्यूट्रल आणि मेनचा न्यूट्रल कुठेतरी एकाच स्विचबोर्डात जोडलेले असतात, त्यामुळे आरसीसीबी बसवल्या बसवल्या उडतो. वायरमन दोन-तीनदा चढवून पाहतो आणि शेवटी त्याला बायपास करून मोकळा होतो. बाहेरून डबा अगदी व्यवस्थित दिसतो. म्हणून काम संपल्यावर टेस्टचं बटण स्वतः किंवा व्हिडिओ कॉलवर दाबून घ्या. घरातली वीज गेली तरच पैसे द्या. वायरमन 'थई जशे' (होऊन जाईल) म्हणाला की समजावं, होणार नाही.

बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तो आजच काढा. जानेवारीत खिडकी लावून चौघं ओळीने आंघोळ करतात. प्राणवायू कमी पडला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही. गिझर मागे उघड्या चोकडीत (धुण्याभांड्याच्या जागेत) घ्या आणि आत फक्त गरम पाण्याची नळी आणा. विजेचा घ्यायचा तर १५ लिटर, २ किलोवॅटचा. तो २० अंशांचं पाणी ६० पर्यंत न्यायला वीस-एकवीस मिनिटं घेतो, आणि गार पाणी मिसळून दोन बादल्या निघतात. चौघांना पाऊण तास ते तास धरा, नाहीतर २५ लिटरचा घ्या.

---

प्रेषक: एक सभासद, कारेलीबाग

वकीलकाकांशी एका बाबतीत वाद. करार एक ठीक आहे, पण डिपॉझिट एकगठ्ठा घेऊ नका. दोन महिन्यांचे ४०,००० घेणार असाल तर कोणी किती आणि कोणत्या खात्यातून दिले ते करारामागे परिशिष्टात लिहा. मुलगा मध्येच घर सोडतो तेव्हा नवा येणारा त्याला परस्पर दहा हजार देतो, मालकाला पत्ता नसतो. मग मे महिन्यात जुन्याचे वडील पैसे मागतात आणि नवाही मागतो. मुलगा बदलला तर मालकाच्या सहीने पुरवणी करार, डिपॉझिट मालकाच्या खात्यातून जुन्याला परत आणि नव्याकडून पुन्हा जमा. नव्याची पोलीस नोंदणीही तेव्हाच.

वीजबिल एमजीव्हीसीएलचं आणि दोन महिन्यांचं असतं, म्हणून मुलं गेल्यावर बिल येतं. चाव्या देताना आणि घेताना मीटरच्या आकड्याचा फोटो काढा, त्यात तारीख दिसू द्या. शेवटच्या बिलापोटी अंदाजे रक्कम ठेवून बाकी डिपॉझिट लगेच परत करा. सगळंच अडवून ठेवलं की मुलं पुढच्या वर्षी तुमच्या घराबद्दल काय बोलतात ते फतेगंजच्या चहाच्या टपरीवर ऐकायला मिळेल.

पाणी: माणशी दिवसाला १३५ लिटर धरा, चौघांना ५४०. वर हजार लिटरची टाकी पुरते. पण पालिकेचं पाणी ठरावीक वेळी येतं, तेव्हा मोटर कोण चालू करणार? मुलं झोपलेली असतात. टाकीत फ्लोट स्विच बसवा.

तळमजला आहे म्हणून विश्वामित्री नदीच्या पुराचाही विचार करा. बडोद्यातल्या काळाघोडा पुलाशी धोक्याची पातळी २६ फूट. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी तिच्या खूप वर गेली आणि फतेगंज, समा, सयाजीगंज भागांत घरांत पाणी शिरलं. तुमच्या गल्लीत कुठवर आलं ते शेजाऱ्यांना विचारा आणि मेन स्विच, इन्व्हर्टर त्या खुणेच्या वर घ्या. मुलांना दोन ओळींची सूचना द्या: पाणी दारापुढच्या ओट्यापर्यंत आलं की मेन स्विच बंद करून वरच्या मजल्यावर, आणि मगरी येतात म्हणून अंधारात पाण्यात उतरायचं नाही. पूर ओसरल्यावर जमिनीखालची टाकी रिकामी करून घासायची. मग ती भरून हजार लिटरला १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर, काही तास ठेवून ते सगळं पाणी सोडून द्यायचं, आणि त्यानंतरच प्यायचं पाणी भरायचं.

---

प्रेषक: एक सभासद, एडिसन (न्यू जर्सी)

सगळ्यांचे आभार. गिझर खरंच बाथरूममध्ये आहे, या आठवड्यात काढून घेते. एक राहिलं: चौघांपैकी एक टांझानियाचा आहे. त्याच्यासाठी वेगळं काही लागतं का?

---

प्रेषक: एक वकील सभासद, दांडिया बाजार

लागतं, आणि त्याला मुदत आहे. परदेशी नागरिक राहायला आला की २४ तासांत त्याची माहिती परदेशी नोंदणी कार्यालयाच्या पोर्टलवर भरायची; लोक त्याला फॉर्म सी म्हणून ओळखतात. ही जबाबदारी घर देणाऱ्याची आहे. मालकाचं खातं त्या पोर्टलवर आधी मंजूर व्हावं लागतं, म्हणून अर्ज आत्ताच करा, मुलगा दारात आल्यावर नको. पासपोर्ट, व्हिसा आणि युनिव्हर्सिटीचं प्रवेशपत्र यांच्या प्रती घ्या. व्हिसाची मुदत कराराच्या शेवटच्या तारखेआधी संपत असेल तर तशी अट कराराला जोडा. त्याचे वडील टांझानियात असले तर जामीनदार म्हणून त्यांच्या सहीचा इथे वसुलीला फारसा उपयोग नाही. त्याच्या वाट्याचं डिपॉझिट थोडं जास्त घ्या आणि तेही परिशिष्टात लिहा.

मुदत १ जुलै ते ३१ मे ठेवा. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या आणि मुलं १५ जुलैला आली तरी भाडं १ तारखेपासून, हे आधी बोलून घ्या.