गोल्फ क्लबचे पॅरलल टिप स्टील शाफ्ट: सेट अर्धा इंच आखूड हवाय, टिपकडून (हेडकडून) किती आणि बटकडून (ग्रिपकडून) किती कापू?

नऊ_होल

आयर्न क्लबचे सहा हेड आहेत, ५ ते ९ आणि त्यापुढचा पिचिंग वेज. जुने डायनॅमिक गोल्ड एस-३०० शाफ्ट (दांडे) काढून झालेत. होझलचं (हेडच्या ज्या नळीत शाफ्ट बसतो तिचं) भोक व्हर्निअरवर ९.४ मिमी, म्हणजे ०.३७० इंच. नवे शाफ्ट स्टीलचे, पॅरलल टिप (टिपचा भाग एकाच जाडीचा), कच्ची लांबी ४१ इंच, वजन ९८ ग्रॅम, फ्लेक्स (ताठपणा) एस. सोबतच्या तक्त्यात टिपची छाट अशी दिली आहे: ५ ला २ इंच, ६ ला अडीच, ७ ला ३, ८ ला साडेतीन, ९ ला ४ आणि पिचिंग वेजलाही ४.

उंची ५ फूट ४ इंच, बूट घालून मनगट ते जमीन ३२ इंच. सेट स्टँडर्डपेक्षा अर्धा इंच आखूड बांधायचाय: ५ नंबर साडेसदतीस, तिथून अर्ध्या अर्ध्या इंचाने उतरत पिचिंग वेज ३५. सुट्या हेडची वजनं ५ पासून क्रमाने २५५, २६३, २६८, २७८, २८४, २९० ग्रॅम. जुन्या शाफ्टवर ७ नंबरचं स्विंगवेट (फिरवताना हेड किती जड लागतं त्याचा आकडा) डी-१ होतं. ग्रिप पूर्वीच्याच वजनाची लावणार.

१. जादाचा अर्धा इंच टिपकडून काढायचा की बटकडून?
२. अर्ध्या इंचाने स्विंगवेट ३ पॉइंट उतरतं असं वाचलंय. म्हणजे प्रत्येक हेडमध्ये ६ ग्रॅम घातले की डी-१ परत येईल ना?
३. पाइप कटर चालेल का?

सूत_आणि_ग्रॅम

पहिल्याचं उत्तर: बटकडून. टिपची छाट तक्त्याप्रमाणेच करा. टिप कापली की शाफ्टचा खालचा बारीक, लवचिक भाग जातो आणि शाफ्ट ताठ होतो. बटकडून अर्धा इंच गेला तर फरक नावापुरता. तुमचा अर्धा इंच टिपकडून काढलात तर प्रत्येक क्लब एक पायरी कडक होईल आणि बॉल खाली खाली जाईल. याच्या उलट चूकही बरेचदा होते, घाईत सगळंच बटकडून उडवतात. मग ९ नंबरच्या हेडला तक्त्याप्रमाणे छाटलेल्या ५ नंबरहूनही लांब टिप राहते आणि छोटे आयर्न वेतासारखे डुलतात. बट कमी कापलं गेलं तर पुन्हा कापता येतं. टिप जास्त गेली तर तो शाफ्ट त्या नंबरासाठी बाद, फार तर पुढच्या नंबराला वापरा.

कापण्याआधी नवा शाफ्ट खरंच पॅरलल आहे का ते बघा. टिपच्या टोकाला आणि तिथून दोन इंच वर, दोन्हीकडे ९.४ आलं तर पॅरलल. टोकाला ९.० आणि वर जाताना वाढत असेल तर तो ०.३५५ चा टेपर. त्याची टिप कापायचीच नसते, प्रत्येक नंबराचा शाफ्ट वेगळ्या लांबीचा येतो.

आता हिशोब. ५ नंबर: ४१ वजा टिप २ = ३९. तयार लांबी साडेसदतीस. यातून ग्रिपच्या टोपीची जाडी एक सूत (इंचाचा आठवा भाग) वजा करा. होझलच्या भोकाचा तळ ते जमीन हे अंतरही वजा करा, आयर्नमध्ये ते साधारण १ इंच असतं पण प्रत्येक हेडचं मोजायचं. उरले ३६ इंच ३ सूत, म्हणजे बटकडून अडीच इंच एक सूत जाणार. पिचिंग वेज: ४१ वजा ४ = ३७, हवेत ३३ इंच ७ सूत, म्हणजे तीन इंच एक सूत.

हे आकडे अंदाजाला ठेवा, कापायला नको. सहाही टिपा छाटून, फेरूल (होझलच्या तोंडावरची प्लास्टिकची कडी) घालून शाफ्ट कोरडेच हेडमध्ये बसवा. सगळे भिंतीला टेकवून ओळीने उभे करा आणि होझलपासून शाफ्टवरच्या पहिल्या पायरीपर्यंतचं (जाडी बदलते त्या कडेपर्यंतचं) अंतर बघा. ५ ते ९ पर्यंत ते अर्ध्या अर्ध्या इंचाने कमी होत गेलं पाहिजे, ९ आणि वेजचं सारखं. एखादी पायरी रांगेबाहेर दिसली तर तिथे मोजणीत गडबड आहे किंवा शाफ्ट तळाला टेकलेला नाही. जुन्या एपॉक्सीचा एवढासा खडा भोकात राहिला तरी शाफ्ट सूतभर वर राहतो.

मग लांबी. सोल (हेडचा तळ) सपाट जमिनीवर ठेवून क्लब ६० अंशांच्या पट्टीला टेकवतात आणि पट्टीच्या टोकापासून ग्रिपच्या वरच्या कडेपर्यंत मोजतात. नियमातली पद्धत हीच. पट्टी नसेल तर सोबतीला एखादा तयार क्लब ठेवून तुलना करा. तीच पद्धत सहाही वेळा वापरलीत की झालं.

पाइप कटर स्टीलच्या बटला चालेल, पण कड आत वळते, ती गोल कानशीने काढा. टिपला मात्र कट-ऑफ व्हील किंवा बारीक दातांचं हॅक्सॉ ब्लेड वापरा. कटरने टिपची कड किंचित बाहेरही फुगते आणि ९.४ च्या भोकात शाफ्ट अडतो. ग्राफाइटच्या (कार्बन धाग्यांच्या) शाफ्टला पाइप कटर कधीच लावू नका. चाक दाबलं की धागे चिरडतात आणि तडा आत सरकत जातो.

फेरूल

दुसऱ्या प्रश्नात एक गोष्ट सुटली आहे. लांबीबरोबर तुम्ही शाफ्टचं वजनही उतरवताय. एस-३०० कच्चा साधारण १३० ग्रॅम, नवा ९८. छाटल्यावर २५-२७ ग्रॅमचा फरक उरेल, आणि शाफ्टच्या दर ९-१० ग्रॅमला साधारण १ पॉइंट जातो. म्हणजे लांबीचे ३, वजनाचे जवळपास ३. डी-१ वरून थेट सी-५ (डी-० च्या खाली सी-९ येतो). पूर्ण परत आणायचं तर हेडला ६ नाही, १२ ग्रॅम लागतील, कारण हेडवर २ ग्रॅम म्हणजे १ पॉइंट.

त्यात हेड एकमेकांशी जुळत नाहीत. आयर्नमध्ये नंबरामागे ७ ग्रॅमचा चढ धरतात: २५६, २६३, २७०, २७७, २८४, २९१. तुमचा ५ नंबर १ ग्रॅम कमी, ७ नंबर २ कमी, ८ नंबर १ जास्त, वेज १ कमी. आधी हे सपाट करा, मग वरचं वजन. काटा ०.१ ग्रॅमचा घ्या. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमवाला इथे अर्धा पॉइंट खाऊन टाकतो.

वजन वाढवायला टिपमध्ये पितळी किंवा टंगस्टन पिन बसवतात, पण १२ ग्रॅम तिथे कोंबू नका. सगळं वजन होझलमध्ये गेलं की हेडचा गुरुत्वमध्य हीलकडे (शाफ्टच्या बाजूला) सरकतो. लांब पिन होझलच्या तोंडापर्यंत पोचली तर शाफ्ट नेमका तिथेच, फेरूलखाली तुटतो. आयर्नला ४-५ ग्रॅमची पिन पुरे. तिच्या डोक्याला कॉलर असेल तर कॉलरची जाडी मोजा. ती भोकाच्या तळाशी बसते, म्हणजे क्लब तेवढा लांब होतो आणि शाफ्ट तेवढा कमी आत जातो. शाफ्ट भोकात निदान १ इंच उतरलाच पाहिजे.

पिनलाही एपॉक्सी लावा. कोरडी ठोकलेली पिन काही महिन्यांनी खुळखुळते आणि मग हेड पुन्हा तापवून काढण्यावाचून गत्यंतर नाही.

बंकरवासी

हिशोब बरोबर, पण डी-१ चा हट्ट कशासाठी? तो आकडा १३० ग्रॅमच्या शाफ्टवरचा. हलक्या शाफ्टवर तोच आकडा आणलात तर हातात फक्त हेड जाणवेल. माझ्या मते सी-९ पर्यंत आणून थांबावं, म्हणजे ४ पॉइंट, ८ ग्रॅम. हेडची तफावत धरून ५ पासून क्रमाने ९, ८, १०, ७, ८, ९ ग्रॅम.

आणि तेही आधी शिशाच्या टेपने. अर्धा इंच रुंद टेपचे ४ इंच म्हणजे साधारण २ ग्रॅम. ७ नंबर एकटाच बांधा, मागच्या पोकळीत चार-चार इंचांच्या पाच पट्ट्या लावा आणि सरावाच्या रेंजवर जा. फेसवर (हेडच्या बॉलला लागणाऱ्या बाजूवर) व्हाइटबोर्डचा मार्कर फासा, बॉल लागेल तिथला रंग उडतो. वीस बॉल मारा, मग एक पट्टी काढा, पुन्हा वीस. ठसे ज्या वजनाला सगळ्यात दाट जमतील ते तुमचं वजन. त्यानंतर बाकीचे पाच बांधा. टेप फेरीआधी लावलेली चालते, फेरीदरम्यान लावणं-काढणं नियमात बसत नाही. शिसं आहे, हात धुवा.

हलकी ग्रिप लावून आकडा वाढवण्याचा सल्लाही कुणीतरी देईलच. ग्रिप ४-५ ग्रॅमने हलकी केली की काट्यावर १ पॉइंट वाढतो हे खरं. पण वजन तुमच्या हाताखालचं गेलेलं असतं, हेड तेवढंच राहतं. काटा १४ इंचांवरच्या टेकूवर तोलतो, म्हणून तसं दिसतं.

सूत_आणि_ग्रॅम

सी-९ शी सहमत. फक्त एक भर: हेड जड केलं की शाफ्ट थोडा मऊ लागतो, बट कापल्याने थोडा कडक. दोन्ही एकमेकांना बरंचसं खातात. त्यामुळे टिप अर्धा इंच कमी छाटून मुद्दाम मऊ करायच्या भानगडीत आत्ता पडू नका.

पिवळी_टी

मध्येच विचारतो. ड्रायव्हर (सगळ्यात लांब क्लब) पावणेशेहेचाळीसचा पावणेपंचेचाळीस इंच करायचा आहे, ग्राफाइट, अडॅप्टरवाला (हेड स्क्रूने सुटं होणारा). हेच लागू?

बंकरवासी

फक्त बट कापा. अडॅप्टर काढायचं कामच नाही, ग्रिप काढली की झालं. कापायच्या जागी मास्किंग टेपचे तीन वेढे, इंचाला ३२ दातांचं ब्लेड, शाफ्ट फिरवत फिरवत चारही बाजूंनी कापा, म्हणजे शेवटची साल सुटत नाही. तोंडावर मास्क लावा, कार्बनची धूळ वाईट. १ इंचाला ६ पॉइंट जातात. सोलमध्ये स्क्रूचं वजन असेल तर ते ६-८ ग्रॅमने वाढवा, पूर्ण १२ ची गरज बहुधा पडत नाही. शाफ्ट काउंटरबॅलन्स्ड असेल तर थांबा. त्याचं जादा वजन बटच्या टोकालाच असतं आणि तुम्ही नेमकं तेच कापून टाकाल.

नऊ_होल

शिशाच्या टेपचा मार्ग पटला. पिन ४ ग्रॅमची, बाकी टेप. आता चिकटवण्याबद्दल सांगा. हार्डवेअरच्या दुकानातला पाच मिनिटांत सुकणारा एपॉक्सी चालेल?

फेरूल

नको. तो ठिसूळ होतो आणि उन्हात मऊ पडतो. मे महिन्यात नागपूर-सोलापूरकडे बंद गाडीच्या डिकीत बॅग राहिली की फेरूल वर सरकलेली दिसते आणि एखाद दिवशी बॉलच्या पुढे हेड जातं. शाफ्टसाठीचाच, २४ तासांत सुकणारा दोन भागांचा एपॉक्सी घ्या.

टिपवरचा क्रोम जेवढा भाग होझलमध्ये जाणार तेवढाच ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. चकाकी पूर्ण गेली पाहिजे, नाहीतर एपॉक्सी क्रोमला धरतो आणि क्रोमसकट सुटतो. होझल आतून गोल वायर ब्रशने खरवडा. दोन्ही अ‍ॅसिटोनने पुसा आणि नंतर बोट लावू नका. पावसाळ्यात पुसल्यावर दहा मिनिटं हेअर ड्रायर फिरवा, दमट धातूवर एपॉक्सी नीट धरत नाही.

दोन्ही भाग सारखे, निदान दोन मिनिटं कालवा, पांढरट एकसारखा रंग येईपर्यंत. अर्धवट कालवलेला २४ तासांनीही चिकटच राहतो. भोक सैल वाटत असेल तर चिमूटभर काचेचे मणी मिसळा, शाफ्ट मधोमध राहतो. पातळ थर होझलमध्ये, पातळ थर टिपवर, मग शाफ्ट फिरवत सावकाश दाबा. इथे घाई केली की पिनने बंद झालेल्या टिपखाली हवा अडकते आणि तीच फेरूल वर ढकलते. तळाला टेकल्यावर अर्धा मिनिट दाबून धरा, सोडा, पुन्हा दाबा. बाहेर आलेला लगदा लगेच पुसा. फेरूलची कड वाळल्यावर अ‍ॅसिटोनच्या फडक्याने एकदाच, गोल फिरवून गुळगुळीत करा. दोनदा घासलं की फेरूल पांढरी पडते.

नऊ_होल

सुकताना उभे ठेवायचे की आडवे? आणि लाय (सोल टेकलेला असताना शाफ्टचा जमिनीशी कोन) कधी बघायचा?

सूत_आणि_ग्रॅम

उभे, हेड खाली, सोल टेकलेला. आडवे ठेवले तर एपॉक्सी एका बाजूला साचतो. हेड वर अडकवून क्लब लटकवला तर शाफ्ट तळापासून सुटून खाली घसरतो.

लाय ग्रिप चढवून झाल्यावरच बघा. अर्धा इंच आखूड केल्याने क्लब साधारण १ अंश सपाट लागतो. बॉलवर मार्करने जाड उभी रेघ काढा, ती फेसकडे ठेवून मारा. ठशाचं वरचं टोक हेडच्या टो-कडे (शाफ्टपासून लांबच्या बाजूला) झुकलं तर लाय जास्त उभा, हीलकडे झुकलं तर जास्त सपाट. उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल उभ्या लायला डावीकडे जातो, सपाटला उजवीकडे. फोर्ज्ड (ठोकून घडवलेलं) हेड २ अंशांपर्यंत आरामात वाकतं. कास्ट (साच्यात ओतलेलं) असेल तर १ अंशावर समाधान माना आणि ज्याच्याकडे लायचं मशीन आहे त्याच्याकडूनच वाकवून घ्या, वाइसमध्ये पकडून पान्याने वाकवू नका.