अर्धवेळ दुकानातली नोकरी आणि आरोग्यविमा: पासष्टीपर्यंतची चार वर्षे

गुलबक्षी:
येत्या जूनमध्ये माझे यजमान पासष्ट वर्षांचे होतील आणि त्याच महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतील. त्यांची सोय मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेतला पासष्टीपासूनचा सरकारी आरोग्यविमा, करील. परंतु मेडिकेअर ज्याची त्याची असल्यामुळे, इतकी वर्षे त्यांच्या कंपनीच्या विम्यावर असलेली मी मात्र एकसष्टाव्या वर्षी उघड्यावर पडणार आहे. रक्तदाबाची आणि थायरॉइडची गोळी रोज लागते, त्यामुळे चार वर्षे विम्याविना काढण्याचा विचारही नकोसा वाटतो. पूर्णवेळ नोकरी आता झेपणार नाही, पण आठवड्याला वीस-बावीस तास दुकानात उभे राहून काम करण्याची तयारी आहे, आणि ग्रीन कार्ड असल्याने परवान्याचा प्रश्न नाही. येथे अमेरिकेत काही दुकाने अर्धवेळ कर्मचाऱ्यांनाही विमा देतात असे ऐकले होते. जाहिरातीत ‘बेनिफिट्स’ वाचून एका ठिकाणी मुलाखतीला गेले, तर बेनिफिट्स म्हणजे दात, डोळे आणि खरेदीवर सूट एवढेच निघाले. शोध कसा घ्यावा आणि नेमके काय विचारावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

हिशेबी:
ताई, दुकानाच्या नावापेक्षा तासांची अट आधी पाहावी. अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट या येथील आरोग्यविम्याच्या कायद्यानुसार पन्नास किंवा अधिक पूर्णवेळ कर्मचाऱ्यांइतके मनुष्यबळ असलेल्या मालकाने आठवड्याला सरासरी ३० तास काम करणाऱ्यांना विमा देऊ केला नाही, तर त्याला दंड बसू शकतो. ३० च्या आतल्यांना विमा देणे हे सर्वस्वी त्याच्या मर्जीवर असते. स्टारबक्सने १९८८ पासून अर्धवेळ कर्मचाऱ्यांना विमा दिला आहे. तेथे सुरुवातीला सलग तीन महिन्यांत मिळून २४० तास भरावे लागतात आणि पुढे दर सहा महिन्यांत ५२० तास, म्हणजे तुम्ही म्हणता तेवढेच, आठवड्याला सुमारे वीस. कॉस्टको हे दुसरे ओळखीचे नाव. मात्र ऐकीव यादीवर विसंबू नये, कारण असे नियम बदलतात: होल फूड्सने २०२० च्या आरंभापासून ३० तासांखालच्या कर्मचाऱ्यांचा वैद्यकीय विमा बंद केला, तरी कित्येक जुन्या याद्यांमध्ये त्याचे नाव अजून दिसते.

एक बाब तुमच्या वयाला फार उपयोगी आहे. बाजारातून स्वतः विमा घेतल्यास वयस्कर माणसाला तरुणाच्या तिप्पटीपर्यंत हप्ता लागू शकतो, पण मोठ्या कंपनीच्या सामूहिक विम्यात शेजारच्या काउंटरवरच्या पंचविशीतल्या मुलाला जो हप्ता, तोच सहसा तुम्हालाही पडतो.

गल्ल्यावरची:
तासांच्या मुद्द्यावर माझा अनुभव सांगते. दुकानाचे नाव घेत नाही. मला नोव्हेंबरमध्ये आठवड्याला बावीस तासांच्या बोलीवर घेतले होते. नाताळची गर्दी ओसरली तशी जानेवारीत फोनवर येणाऱ्या वेळापत्रकात माझ्या नावापुढे चौदा तास दिसू लागले, आणि मोजणीचा काळ संपला तेव्हा मी विम्याच्या अटीला एकतीस तासांनी कमी पडले. मॅनेजरने नियम मोडला नव्हता, कारण बोली तोंडी होती. तेव्हापासून मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर शनिवारी त्या आठवड्याचे तास आणि त्याखाली एकूण बेरीज लिहिते. बेरीज मागे पडू लागली की कोणाची तरी पाळी मागून घेते.

म्हणून मुलाखतीत ‘विमा आहे का’ एवढेच विचारू नका. किती महिन्यांचे तास मोजता, पगारी रजेचे तास त्यात धरता का, आणि गेल्या फेब्रुवारीत या पदावरच्या माणसाला प्रत्यक्ष किती तास मिळाले, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला मॅनेजर अडखळला की काय ते समजावे. शक्य असल्यास गल्ल्याऐवजी पहाटे माल लावण्याची पाळी मागा. आमच्याकडे मालाचा ट्रक गिऱ्हाईक असो-नसो येतोच, त्यामुळे ते तास कमी हलतात. फक्त खोकी उचलावी लागतात, तेव्हा कंबरेचा विचार करून ठरवा.

हिशेबी:
गल्ल्यावरचीने सांगितले ते खरे आहे. त्यात दोन सापळ्यांची भर घालतो. काही दुकाने अर्धवेळ कर्मचाऱ्यांना रुग्णालयात राहिल्यास दिवसाला ठरावीक रक्कम देणारी योजना विकतात. ती खऱ्या आरोग्यविम्याची जागा घेऊ शकत नाही. दुसरे असे की, कायद्याच्या व्याख्येनुसार परवडणारा आणि पुरेसा विमा मालकाने देऊ केला, तर तो तुम्ही नाकारलात तरी सरकारी मार्केटप्लेसवरची, म्हणजे स्वतः विमा घेण्याच्या सरकारी बाजारातली, हप्त्याची सवलत तुम्हाला मिळत नाही. म्हणून नोकरी स्वीकारण्यापूर्वी दोन्हीकडचे आकडे शेजारी शेजारी मांडून पाहावेत.

आणि मूळ प्रश्नात कोब्राचा, म्हणजे नोकरीनंतरही कंपनीचा विमा चालू ठेवू देणाऱ्या कायद्याचा, उल्लेख नाही, तो का बरे? नोकरी सुटल्यावर कंपनीचा विमा सहसा १८ महिने चालू ठेवता येतो. परंतु यजमानांचे मेडिकेअर निवृत्तीच्या आधी, पण १८ महिन्यांच्या आत सुरू झालेले असेल, तर पत्नीला मेडिकेअर सुरू झाल्यापासून ३६ महिन्यांपर्यंत तो मिळू शकतो. हप्ता मात्र कंपनीच्या वाट्यासह पूर्ण, शिवाय वर २ टक्के, म्हणजे १०२ टक्क्यांपर्यंत भरावा लागतो. तो मध्येच आपणहून सोडला, तर केवळ त्या कारणाने मार्केटप्लेसचे दार वर्षाच्या मधोमध उघडत नाही. वार्षिक नोंदणीची वाट पाहावी लागते.

गुलबक्षी:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. कोब्रा १८ महिन्यांचाच असतो अशी समजूत असल्याने मी तो विचारातच घेतला नव्हता. आज यजमानांनी कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला विचारले. मेडिकेअर १ जूनला सुरू झाले आणि नोकरी ३० जूनला संपली, तर मला तिसऱ्या वर्षाच्या मे अखेरपर्यंत विमा ठेवता येईल, असे त्यांनी लेखी कळवले आहे. हप्त्याचा आकडा पाहून मात्र छाती दडपली, त्यामुळे नोकरीचा शोध थांबवणार नाही. फक्त आता जूनची घाई उरली नाही. गुरुवारी एका ठिकाणी मुलाखत आहे, फेब्रुवारीच्या तासांचा प्रश्न वहीत लिहून घेतला आहे. गल्ल्यावरची, पहाटेच्या पाळीत एका खोक्याचे वजन साधारण किती असते?

गल्ल्यावरची:
कागदी रुमालांचे खोके एका हाताने उचलता येते. डबाबंद टोमॅटोचे उचलताना मीसुद्धा दुसऱ्याला हाक मारते. कुठल्या विभागात माल लावावा लागेल, तेही गुरुवारीच विचारून घ्या.