रिग्रेशन टेस्ट रोज लाल, पुन्हा चालवल्या की हिरव्या. काय करू?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे टेस्टिंगला आम्ही दोघीच. दर दोन आठवड्यांनी रिलीज, आणि त्याआधी हाताने रिग्रेशन (नव्या बदलांमुळे जुनं काही बिघडलं नाही ना, ही तपासणी) करण्यात चार दिवस जायचे. म्हणून वर्षभर खपून सेलेनियम (ब्राउझर आपोआप चालवणारं टूल) आणि जावामध्ये ४०० टेस्ट लिहिल्या. रोज रात्री जेनकिन्सवर (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) चालतात.

अडचण अशी, की सकाळी २०-३० टेस्ट पडलेल्या (लाल) असतात, आणि त्याच पुन्हा चालवल्या की बहुतेक पास होतात. सुरुवातीला डेव्हलपर रिपोर्ट उघडून बघायचे, आता कुणी बघत नाही. मागच्या रिलीजला कूपनची सवलत दोनदा वजा होत होती. आमची टेस्ट त्यावर लागोपाठ तीन रात्री लाल होती, आणि मी स्वतः 'ही नेहमीचीच' म्हणून सोडून दिली. बग ग्राहकांपर्यंत गेला. ते अजून मनातून जात नाही.

स्लीप, म्हणजे टेस्टमधला ठरावीक थांबा, २ सेकंदांवरून ५ केला, तर रन नुसता लांबला. पडलेली टेस्ट आपोआप तीनदा चालवायची सोयही केली. रिपोर्ट हिरवा झाला, पण त्या हिरव्यावर माझा विश्वास नाही. टीम म्हणते, सगळं प्लेराइटमध्ये (सेलेनियमसारखंच दुसरं टूल) नव्याने लिहा. लिहू का?

प्रतिसाद १

थांबा, आधी हिशेब करा. प्रत्येक टेस्ट २०० वेळांत एकदाच उगाच पडते असं धरलं, तरी ४०० च्या ४०० पास होण्याची शक्यता जेमतेम १३ टक्के. ब्राउझरमधल्या टेस्ट इतक्या असतील तर टूल कुठलंही घ्या, सकाळ लालच. कूपनचा हिशेब तपासायला ब्राउझर कशाला उघडायचा? थेट एपीआयला (स्क्रीनशिवाय, प्रोग्राममधून सर्व्हरशी बोलायची सोय) रिक्वेस्ट पाठवा, उत्तरातली रक्कम ताडून बघा. लॉगिन, खरेदी, पेमेंट असे मोजके फ्लो तेवढे ब्राउझरमध्ये ठेवा.

प्लेराइट क्लिक करण्याआधी बटण दिसतंय का, हलत नाही ना, हे स्वतःच बघतं, त्यामुळे स्लीपची कटकट जाते. पण टेस्ट डेटात घोळ असेल तर तो तिथेही सोबत येईल. आणखी एक, इम्प्लिसिट वेट (प्रत्येक घटक शोधताना आपोआप लागू होणारी वाट) आणि एक्सप्लिसिट वेट (एखादी ठरावीक अट पूर्ण होईपर्यंतची वाट) एकत्र वापरताय का? तसं करू नका, असं सेलेनियमच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय.

प्रतिसाद २

भरवशाच्या नसलेल्या टेस्ट आजच वेगळ्या रनमध्ये काढा. मुख्य रनमध्ये शंभरच उरल्या तरी चालेल, पण त्यातली एक पडली की मर्ज (नवा कोड मुख्य कोडमध्ये मिसळणं) थांबलाच पाहिजे. बाजूला काढलेल्या प्रत्येक टेस्टवर कुणाचं तरी नाव आणि तारीख टाका, नाहीतर त्या तिथेच पडून राहतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. वेट खरोखरच दोन्ही वापरले होते, काढतेय. काल रात्री पडलेल्या २७ टेस्टचे लॉग ओळीने लावून बसले. त्यातल्या १६ एकाच लॉगिनने चालतात! चार थ्रेड, म्हणजे टेस्टच्या चार रांगा, एकाच वेळी चालू असतात, एक टेस्ट कार्ट रिकामी करते आणि दुसरी त्याच कार्टमध्ये वस्तू शोधत असते. स्लीप वाढवून काय उपयोग होणार होता?

आता प्रत्येक टेस्ट सुरू होताना एपीआयमधून नवा युजर तयार करतेय. प्लेराइटचा विषय सध्या बाजूला ठेवलाय. फक्त एक सांगा, हे युजर टेस्ट संपताच काढून टाकावेत की रात्री एकदम? लगेच काढले तर पडलेल्या टेस्टचा माग लावायला काही उरत नाही, आणि रन मध्येच बंद पडला तर तसेच राहून जातात. तुम्ही कसं करता?