दादाला न सांगता औषध देणं कायद्यात बसतं का?

धाकटी: दादाला स्किझोफ्रेनिया आहे. "मला काही झालेलं नाही" म्हणतो आणि गोळ्या थुंकतो. आता डॉक्टरांनी हॅलोपेरिडॉलचे थेंब दिलेत, त्यांना ना रंग ना वास. आई ते त्याच्या पाण्यात टाकते. तो शांत झालाय, रात्री झोपतो. पण त्याचा पेला रिकामा होईपर्यंत आम्ही दोघी चोरून बघत बसतो. आणि त्याला आधीपासून संशय आहे की घरातलं कुणीतरी त्याला काहीतरी घालतंय.

सडेतोड: बरा होतोय ना? मग कायदा कशाला उकरता!

रातपाळी: मनोरुग्ण विभागात नर्स आहे, म्हणून बोलते. या औषधाने कधी कधी मान वाकडी होते, डोळे वर चढतात. त्याला हे बाहेर कुठे झालं, तर तिथल्या डॉक्टरांना तो सांगणार काय?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये असं लपवून औषध द्यायची मुभा देणारं कलम नाही. उलट कलम ४ म्हणतं, माणसाचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं धरायचं नाही. क्षमता खरोखरच नसेल तर उघड रस्ता आहे: कलम ८९. दोघे जण वेगवेगळे तपासतात, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ असावा लागतो, ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं, नामनिर्देशित प्रतिनिधी (रुग्णाच्या वतीने निर्णय घेणारा माणूस) तात्पुरती संमती देतो, दर ७ दिवसांनी क्षमता पुन्हा बघतात. त्याविरुद्ध याच कायद्यातल्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागता येते. पाण्यातल्या थेंबांविरुद्ध तो कुणाकडे जाणार? (दाखल करणं सोपं असतं असं मुळीच म्हणत नाही. आमच्याकडे दारात रडणारे नातेवाईक रोज बघते.)

जुना_पेशंट: माझ्यावर हा प्रयोग झालाय. जीभ जड, हात थरथरायचे. भावाने पुढे कबूल केलं, तेव्हा पहिला विचार आला, म्हणजे माझा संशय खरा होता! त्यानंतर डॉक्टरांच्या कुठल्याच "हा तुझा भ्रम आहे" वर विश्वास बसेना. आज गोळ्या स्वतः घेतो, पण भावाच्या हातचं काही नाही.

धाकटी: मग उद्यापासून थेंब बंद करू?

रातपाळी: परस्पर अजिबात नको! आधी डॉक्टरांना भेटा, आणि त्यांच्यासमोरच दादाला सांगा. तो शांत आहे तोवर महिन्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनचं विचारा. आणि कलम ५ खाली त्याच्याकडूनच लिहून घ्या: पुढच्या वेळी कोणते उपचार चालतील, कोणते नाही, प्रतिनिधी कोण. तो आईचं नाव घालणार नाही कदाचित. चालेल.