मदत हवी आहे: तीन पायांच्या कुत्रीला जिना कसा शिकवू?

नमस्कार मंडळी. हे गेल्यापासून घर खायला उठायचं. भाचीने रेस्क्यू केलेली एक कुत्री सांभाळायला दिली, ती दत्तक गेली, मग दुसरी आली. आता पहाटे उठायला मला कारण असतं.

सध्याच्या चिमीचा मागचा पाय अपघातात गेलाय. घरात छान पळते, पण जिन्यापाशी पोट जमिनीला टेकवून थरथरते. आम्ही कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, तिला उचलणं गुडघ्यांना झेपत नाही. उकडलेलं चिकन दाखवूनही हलत नाही. कुणी अशा कुत्र्याला शिकवलंय का? पोटाखालून आधार द्यायचा पट्टा पुण्यात कुठे मिळेल?

शिवाय सोसायटी कुत्रेबंदीचा ठराव आणतेय. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या सूचनांप्रमाणे बहुमतानेही तशी बंदी घालता येत नाही. कमिटीला पत्र कसं लिहावं? कुणाकडे नमुना असेल तर कृपया द्या.