मदत हवी आहे: फॉर्म्युला वनमध्ये वयाचा परिणाम गाडीपासून वेगळा कसा काढायचा?

मंडळी, घरात एक वाद पेटलाय आणि माझी बाजू लंगडी पडतेय.

ऑगस्ट २०२५, हंगेरीची क्वालिफाइंग (शर्यतीत कोण कितव्या जागेवरून सुटणार ते ठरवणारं, तीन टप्प्यांचं वेळेचं सत्र). शनिवारी संध्याकाळी साडेसातला मी आणि भाचा टीव्हीसमोर. हॅमिल्टन दुसऱ्याच टप्प्यात गारद, बारावा. ज्या हंगेरोरिंग ट्रॅकवर तो आठ वेळा जिंकलाय तिथे! आणि तशीच फेरारी घेऊन त्याचा सहकारी लक्लेर पोलवर, म्हणजे पहिल्या जागेवर. भाचा म्हणाला, "मामा, चाळिशी लागली. संपला आता." तेवढ्यात पाचव्या नंबरावर अलोन्सोचं नाव दिसलं. चारच दिवसांपूर्वी ४४ पूर्ण केलेला. "मग हे काय?" मी म्हटलं. तेव्हापासून दोघंही आपापल्या सोयीचा माणूस पुढे करतोय.

मी स्वतः ४३चा. माझा कल कुठे आहे हे आधीच सांगून टाकतो.

जुनी उदाहरणं तो ऐकूनच घेत नाही. फॅन्जिओ १९५७ साली ४६व्या वर्षी पाचव्यांदा जगज्जेता झाला म्हटलं, की "तेव्हा सगळे काकाच होते" म्हणतो. फाजिओली ५३व्या वर्षी फ्रान्सची शर्यत जिंकला हे खरं, पण १९५१च्या त्या शर्यतीत त्याने गाडी मध्येच फॅन्जिओच्या हाती दिली होती. ते उदाहरण मीच मागे घेतलं.

मग ठरवलं, एकाच संघातल्या दोघांचे गुण ताडून बघायचे. गाडी तीच, म्हणजे फरक माणसाचा. आणि इथेच घोळ झाला. मर्सिडीजमध्ये २०२२ साली रसेल २७५, हॅमिल्टन २४०. २०२३ला हॅमिल्टन २३४, रसेल १७५. २०२४ला पुन्हा रसेल २४५, हॅमिल्टन २२३. वय असं हेलकावे खात नाही ना? २०२५ला फेरारीत मात्र लक्लेर २४२ आणि हॅमिल्टन १५६, अख्ख्या मोसमात मुख्य शर्यतीत एकदाही पोडियम (पहिल्या तिघांत जागा) नाही. पण संघ नवा, इंजिनिअर नवा. मग याला चाळिशी म्हणायचं की बदली?

अलोन्सोचं उलट. २०२३ला ॲस्टन मार्टिनमध्ये त्याचे २०६ गुण आणि आठ पोडियम, स्ट्रोलचे ७४. भाच्याचा सवाल, स्ट्रोल हे काय माप झालं का? शिवाय स्ट्रोल मोसमाच्या तोंडावर सायकलवरून पडून मनगटं मोडून घेऊन आला होता.

शूमाकर घ्यावा, तर ४१व्या वर्षी परतला आणि २०१०ला सहकारी रोझबर्गच्या १४२समोर ७२ गुण. पण मधली तीन वर्षं तो घरी होता. आणि ४३व्या वर्षी, २०१२ला, मोनॅकोच्या क्वालिफाइंगमध्ये सगळ्यात वेगवान तोच होता. आधीच्या शर्यतीतल्या धडकेच्या शिक्षेमुळे पाच जागा मागे गेला, म्हणून पोल हुकली.

परवा भाच्याने मला कार्टिंगला नेलं. पहिल्या तीन फेऱ्या मी त्याच्या मागेच चिकटून होतो. चौथीपासून मनगटं भरून आली (भाड्याच्या कार्टला कसलं आलंय पॉवर स्टिअरिंग), वळण दिसत होतं पण हात उशिरा वळत होते. दोन दिवस मान हलेना. खऱ्या गाडीत मानेवर पाच जीपर्यंत (गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट) ताण येतो म्हणतात, म्हणून विचारतो: आधी जातं काय? प्रतिक्रिया, ताकद, की भीतीशी असलेला करार? आणि आकड्यांत ते पकडायचं कसं?

प्रतिसाद १
गुण सोडा. गुणांत स्ट्रॅटेजी, पंक्चर, सेफ्टी कार सगळं मिसळलेलं असतं. क्वालिफाइंगचा वेळ घ्या. दोघंही ज्या शेवटच्या टप्प्यात होते त्याच टप्प्याचा, सेकंदात नको, टक्क्यांत. सरासरी नको, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढा, म्हणजे एखादी बिघडलेली फेरी सगळं चित्र नासवणार नाही. २०२४ बघा: हॅमिल्टन सिल्व्हरस्टोनची शर्यत जिंकला, रसेल बाद ठरल्यावर स्पाची शर्यतही त्यालाच मिळाली, अबू धाबीत सोळाव्यावरून चौथा आला. पण शनिवारी, म्हणजे क्वालिफाइंगमध्ये, मात्र रसेलकडून सतत मार खात होता. माझ्या मते आधी जातो तो एका फेरीचा धारदारपणा. टायर सांभाळायची अक्कल राहते.

प्रतिसाद २
चाळिशीतले ड्रायव्हर चांगलेच दिसणार हो, जे मंदावले त्यांना चाळिशीपर्यंत सीट देतो कोण? त्यामुळे वयोगटांची सरासरी काढलीत तर फसाल. प्रत्येकाची तुलना त्याच्याच पूर्वीच्या फरकाशी करा. आणि सहकारी बदलला की पट्टी बदलते, तेव्हा दोघांशी खेळलेला तिसरा माणूस शोधून साखळी जोडावी लागेल.

प्रतिसाद ३
भाच्याला सांगा, कार्लोस साइंझ (फॉर्म्युला वनवाला मुलगा नव्हे, बाप) २०२४ची डाकार रॅली ६१व्या वर्षी जिंकला. लोब २०२२ची माँटे कार्लो रॅली ४७व्या वर्षी. तिथे जमीन वाचावी लागते, एकच वळण साठ वेळा घासायचं नसतं.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. साइंझचं नाव ऐकून भाचा पाच मिनिटं गप्प होता, हेच खूप. क्वालिफाइंगचे वेळ एक्सेलमध्ये भरायला त्यालाच बसवलंय. बसण्याआधी त्याने एक अट घातली: पावसातली सत्रं धरायची की वगळायची ते आत्ताच कागदावर लिहून सही कर, निकाल बघून मग बदलायचं नाही. सही केली. तो कागद त्याने फ्रिजला लावलाय.